पहिल्या नोकरीचा रेझ्युमे लिहिण्याआधी: सॉफ्टवेअरमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या रेझ्युमेवर १९ कौशल्यं होती. जावा, पायथॉन, डॉकर, मशीन लर्निंग आणि असंच बरंच काही. दोन पानं गच्च भरली होती आणि मला त्यांचा अभिमान वाटत होता. मुलाखत घेणाऱ्या गृहस्थांनी त्या यादीवरून बोट फिरवलं, ‘डॉकर’वर थांबवलं आणि विचारलं, “इमेज आणि कंटेनर यांत फरक काय?” डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासह बांधून चालवण्याचं साधन, मी एकदाच चालवलं होतं, तेही एका व्हिडिओत दिसतील तशा आज्ञा टाइप करत. उत्तर आलं नाही. त्यांनी आणखी दोन शब्दांवर बोट ठेवलं, तिथेही तेच झालं. मग कागद पालथा ठेवून ते शांतपणे म्हणाले, “यातलं तुम्ही खरोखर केलेलं काय आहे, तेवढंच सांगा.”

सांगण्यासारखं एक काम माझ्याकडे होतं. मैत्रिणींबरोबर केलेल्या ग्रंथालयाच्या ॲपमधला पुस्तकं शोधण्याचा भाग मी एकटीने लिहिला होता. रेझ्युमेत त्याला अर्धी ओळ मिळाली होती. मी ते सांगायला लागले तोवर समोरच्याचा माझ्यावरचा विश्वास उडालेला होता.

काही वर्षांनी मी टेबलाच्या पलीकडे बसले आणि नव्या उमेदवारांचे रेझ्युमे वाचायला लागले. माझाच जुना रेझ्युमे वेगवेगळ्या नावांनी पुन्हा पुन्हा समोर येत राहिला. सीनियर मंडळी हल्लीच्या मुलांविषयी दोन गोष्टी हमखास म्हणतात: यांना कामाची सवय नाही आणि यांना सगळं आयतं हवं. मला हे सरसकट पटत नाही. रेझ्युमे कशासाठी असतो, कामावर रुजू झाल्यावर कसं वागायचं असतं, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. पण तक्रार पूर्ण खोटीही नाही. मुलाखतीची वेळ ठरवून न फिरकणारे, जाहिरात न वाचता शेकडो ठिकाणी एकच अर्ज धाडणारे, चाचणीचा कोड दुसऱ्याकडून लिहून घेणारे उमेदवार मी पाहिले आहेत. त्यातले कित्येक हुशार होते, म्हणून जास्त वाईट वाटतं. हा लेख त्यांच्यासाठी.

आधी हे जमवून ठेवा

- एक वही किंवा साधी फाइल, केलेल्या कामांच्या नोंदीसाठी
- स्वतःच्या नावाचा ईमेल पत्ता. शाळेत असताना गंमत म्हणून काढलेला नको
- गिटहब किंवा गिटलॅब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळांपैकी एकावर खातं
- पदवी, गुणपत्रिका, इंटर्नशिपची पत्रं यांच्या स्कॅन केलेल्या प्रती एकाच फोल्डरमध्ये. त्यांवरच्या तारखा रेझ्युमेतल्या तारखांशी जुळतात का ते आत्ताच पाहा. पुढे पडताळणीत चूक निघाली तर ती लबाडी समजली जाते
- अर्जांचा तक्ता: कुठे, कधी, कोणत्या पदासाठी, कोणता रेझ्युमे पाठवला, पुढे काय झालं
- रेझ्युमे वाचून स्पष्ट बोलतील अशी दोन माणसं. एक या क्षेत्रातलं, एक पूर्ण बाहेरचं

## १. रेझ्युमेच्या आधी कामाची वही भरा

बहुतेक जण सुरुवात तयार साच्यापासून करतात. सुंदर साचा डाउनलोड करायचा आणि त्यातले रकाने भरत सुटायचं. रकाना ‘कौशल्यं’ म्हणतो, म्हणून कौशल्यं लिहायची. खोट्याची सुरुवात तिथेच होते, आणि ती मुद्दाम केलेली नसते.

त्याऐवजी दोन संध्याकाळी काढून आजवरचं प्रत्येक काम वहीत उतरवा. कॉलेजचा प्रोजेक्ट, इंटर्नशिप, कुणाला करून दिलेली वेबसाइट, स्वतःच्या सोयीसाठी लिहिलेली २० ओळींची स्क्रिप्ट, सगळं. शिकवण्या घेतल्या असतील, दुकानात हिशेब सांभाळला असेल तर तेही लिहा. वर्षभर ठरल्या वेळी हजर राहून पैशांचा हिशेब चोख ठेवणारा माणूस मला संघात हवा असतो. प्रत्येक कामाखाली चार उत्तरं लिहा: अडचण काय होती? त्यात माझ्या हातचं किती? काय बिघडलं आणि ते कसं सुरळीत झालं? आज पुन्हा करायचं तर काय बदलेन?

दुसऱ्या प्रश्नावर प्रामाणिक राहणं सगळ्यात अवघड जातं. गटात केलेल्या प्रोजेक्टमध्ये चौघांची नावं असतात आणि चौघांच्या रेझ्युमेत तो प्रोजेक्ट एकट्याने केल्यासारखा दिसतो. एकाच वर्गातले दोघे एकाच दिवशी मुलाखतीला आले, की हे दहा मिनिटांत उघडं पडतं. ‘आम्ही चौघांनी केला, त्यात लॉगिन आणि शोध माझ्याकडे होता’ असं लिहिलं तर तुम्ही लहान होत नाही. वाचणाऱ्याला उलट नेमका प्रश्न विचारता येतो, आणि ज्याचं उत्तर तुम्हाला येतं तोच प्रश्न विचारला जातो.

तिसऱ्या प्रश्नातून रेझ्युमेचा खरा माल निघतो. माझ्या ग्रंथालयाच्या ॲपमध्ये शोध फार मंद चालायचा. मी सगळी पुस्तकं डेटाबेसमधून आणायचे आणि मग कोडमध्ये गाळायचे. अट थेट क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) टाकली, त्या कॉलमवर इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीची सूची) लावला आणि शोध झटपट चालायला लागला. हे कळायला दोन दिवस लागले होते. ही गोष्ट तेव्हा वहीत लिहिलेली असती, तर ती मुलाखत वेगळी झाली असती.

## २. सगळं एका पानात आणा

पहिल्या नोकरीसाठी एक पान पुरतं. वर नाव, ईमेल, फोन, गिटहबचा दुवा. मग प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप, त्याखाली शिक्षण, शेवटी कौशल्यं. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, आईवडिलांची नावं हे कामाशी संबंधित नाही, गाळून टाका. सुरुवातीचं ‘माझ्या गुणांना वाव देणाऱ्या आव्हानात्मक संस्थेत काम करण्याची इच्छा’ हे वाक्यही काढा. ते सगळ्यांच्या रेझ्युमेत असतं, त्यामुळे कुणीच वाचत नाही.

वेळ खर्च करायचा तो प्रोजेक्टच्या ओळींवर. उदाहरण बघा.

आधी: *ई-कॉमर्स वेबसाइट तयार केली. रिॲक्ट, नोड, मोंगोडीबी वापरले. संघभावनेने काम केले.*

नंतर: *तिघांच्या गटात कार्ट आणि ऑर्डरचा भाग लिहिला (रिॲक्ट, नोड). एकच ऑर्डर दोनदा नोंदली जात होती. प्रत्येक विनंतीला वेगळा क्रमांक देऊन ते थांबवलं. या भागासाठी १४ चाचण्या लिहिल्या.*

दुसऱ्या लिखाणात एकही मोठा शब्द नाही. तरी वाचणाऱ्याला कळतं, की या मुलीला एक खरी अडचण भेटली आणि ती तिथून पळाली नाही. आकडा लिहायचा तर तो कसा मोजला हे सांगता आलं पाहिजे. ‘वेग ४० टक्क्यांनी वाढवला’ असं लिहिलंत, की पुढचा प्रश्न ठरलेला आहे: कशावर मोजलं, किती वेळा, आधी किती होता? ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये पाहून लिहून ठेवला असेल तर बिनधास्त सांगा. मोजलाच नसेल तर आकडा नको.

आता या पायरीवरचे सापळे. एकेक चूक छोटी दिसते, पण अर्ज बाजूला पडायला तेवढी पुरते.

टक्क्यांच्या पट्ट्या. ‘पायथॉन ८० टक्के’ म्हणजे कशाच्या ८० टक्के? ती भाषा घडवणारेही असा आकडा सांगणार नाहीत. त्यापेक्षा दोन गट करा: ‘प्रोजेक्टमध्ये वापरलं’ आणि ‘तोंडओळख आहे’. असा रेझ्युमे समोर आला की मला बरं वाटतं, कारण लिहिणाऱ्याला स्वतःची पातळी ठाऊक आहे हे दिसतं.

तंत्रज्ञानाची चुकीची नावं. जावा आणि जावास्क्रिप्ट या दोन वेगळ्या भाषा आहेत. गिट हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन २००५ साली लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी लिहिलं, तर गिटहब हे २००८ साली सुरू झालेलं संकेतस्थळ आहे. रेझ्युमेत या जोड्यांची सरमिसळ दिसली, की यादी कुठूनतरी उतरवली आहे हे लगेच कळतं.

यंत्राला न वाचता येणारी फाइल. बऱ्याच कंपन्यांत रेझ्युमे आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातो आणि तिथे त्यातला मजकूर वेगळा काढला जातो. दोन रकान्यांची मांडणी, चित्रातला मजकूर, शब्दांच्या जागी लावलेले आयकॉन यांनी तो विस्कटतो. तपासायची सोपी रीत आहे: पीडीएफ उघडा, सगळं निवडा, कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे क्रम नीट लागला तर फाइल ठीक. पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले शब्द लपवून लिहिण्याची एक युक्ती फिरत असते. याच पद्धतीने ती उघडी पडते, आणि पडली की तुमच्याविषयी दुसरं काही पाहायची गरज उरत नाही.

फाइलचं नाव. ‘रेझ्युमे फायनल नवीन २’ असं नाव ठेवू नका. नाव, आडनाव आणि पद एवढं पुरे.

## ३. दहा मिनिटांची कसोटी

माझ्या मते अख्ख्या प्रक्रियेत ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. रेझ्युमे छापा, पेन घ्या आणि प्रत्येक शब्दापुढे स्वतःला विचारा: यावर मी दहा मिनिटं बोलू शकते का? उत्तर ‘नाही’ आलं तर तो शब्द खोडा, किंवा आठवडाभर त्याच्याशी झुंजून त्याला ‘हो’ करा.

दहा मिनिटं म्हणजे व्याख्या पाठ म्हणणं नव्हे. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा) लिहिलं असेल तर इनर जॉइन आणि लेफ्ट जॉइनमध्ये कोणत्या ओळी गळतात, इंडेक्समुळे वाचन जलद होताना लिहिण्यावर काय भार पडतो, हे यावं. गिट असेल तर मर्ज कॉन्फ्लिक्ट (एकाच जागी केलेल्या दोन बदलांची टक्कर) तुम्ही स्वतः कधी सोडवला आणि तो का आला होता, हे सांगता यावं. रेस्ट एपीआय (प्रोग्रॅमनी वेबवरून एकमेकांशी बोलण्याची एक रीत) लिहिलं असेल तर तीच पुट विनंती (आहे ती नोंद बदलणारी) दोनदा गेली तर काय होतं आणि पोस्ट (नवी नोंद करणारी) दोनदा गेली तर काय होतं, हा फरक समजलेला असावा. डॉकर असेल तर इमेज हा गोठवलेला साचा आणि कंटेनर ही त्यातून चालू झालेली प्रक्रिया, एका इमेजवरून अनेक कंटेनर चालवता येतात, एवढं तरी.

ही कसोटी लावल्यावर माझी १९ कौशल्यं ६ वर आली. रात्री कागद पाहताना रडू येईल असा रिकामा दिसत होता. पण त्यापुढच्या मुलाखतींना जाताना पोटात गोळा येणं थांबलं, कारण कुणी कुठेही बोट ठेवलं तरी तिथे काहीतरी होतं.

इथे भाषेच्या मॉडेलांबद्दल. चॅटजीपीटी २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आलं, तेव्हापासून रेझ्युमेची भाषा फार गुळगुळीत झाली आहे आणि सगळे एकसारखे दिसायला लागले आहेत. शुद्धलेखन तपासायला, वाक्य आटोपशीर करायला मदत जरूर घ्या. काम मात्र तुमच्या वहीतून आलं पाहिजे. यंत्राने सुचवलेलं पण तुम्ही न केलेलं एक क्रियापद जरी आत शिरलं, तरी त्याचा जाब तुम्हालाच द्यावा लागतो.

## ४. दाखवण्यासारखं एकच काम, पण पुरं

दहा अर्धवट रेपॉझिटऱ्यांपेक्षा (गिटमध्ये ठेवलेल्या प्रोजेक्टच्या कोडपेक्षा) एक चालणारी बरी. ट्युटोरियल पाहून केलेलं टू-डू ॲप शिकायला उत्तम आहे, दाखवायला नाही. तेच वाढवून त्यात स्वतःची एक गरज घाला. मग पाहणाऱ्याला तुमचा विचार दिसतो.

‘पुरं’ म्हणजे काय? अनोळखी माणसाला ते त्याच्या यंत्रावर चालवता यावं. रीडमी फाइलमध्ये तीन गोष्टी लिहा: हे काय आहे, कसं चालवायचं, काय अजून जमलेलं नाही. तिसरी गोष्ट फार कमी जण लिहितात. मग मित्राचा लॅपटॉप घ्या, त्यावर रेपॉझिटरी क्लोन करा (तिची प्रत उतरवून घ्या) आणि रीडमीतल्या पायऱ्या जशाच्या तशा करून बघा. पहिल्या वेळी हे चालत नाही, याची तयारी ठेवा. कुठलंतरी पॅकेज नोंदवायचं राहिलेलं असतं, फाइलचा पत्ता तुमच्याच यंत्रावरचा असतो. हे दुरुस्त करण्यात जी चिकाटी लागते, तीच पुढे नोकरीत रोज लागते.

पासवर्ड आणि एपीआय की (दुसरी सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) कोडमध्ये ठेवू नका. चुकून कमिट झाली (गिटमध्ये नोंदली गेली) तर पुढच्या कमिटमध्ये फाइल काढून भागत नाही, गिटच्या इतिहासात ती तशीच राहते. आधी ती की रद्द करून नवी घ्या, मग साफसफाई.

कमिटचे संदेशही वाचले जातात. ‘बदल’, ‘बदल २’, ‘फायनल’ या ओळींतून काही कळत नाही. ‘रिकाम्या कार्टवर पैसे भरण्याचं बटण बंद केलं’ यातून कळतं. सगळा प्रोजेक्ट एकाच रात्री एकाच कमिटमध्ये आलेला असेल, तर तो कुठून आला हा प्रश्न येणारच.

टर्मिनल, गिट, डीबगिंग ही हत्यारं अभ्यासक्रमात सहसा नीट शिकवली जात नाहीत. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये याच उणिवेसाठी ‘द मिसिंग सेमिस्टर’ नावाचा छोटा अभ्यासक्रम २०२० साली घेतला गेला. तो इंटरनेटवर मोफत आहे. महिनाभर रोज तासभर द्या.

ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेल्या प्रकल्पांत, भाग घ्या असं सगळे सांगतात. तिथे एक मोठा सापळा आहे. डिजिटलओशन ही कंपनी २०१४ पासून दर ऑक्टोबरला हॅक्टोबरफेस्ट हा ओपन सोर्सचा उत्सव भरवते, आणि ठरावीक पुल रिक्वेस्ट (आपला बदल प्रकल्पात घेण्याच्या विनंत्या) केल्या की टी-शर्ट मिळायचा. २०२० मध्ये टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत एखादा निरर्थक शब्द घालून पुल रिक्वेस्टचा पाऊस पाडला. फुकट, स्वतःच्या वेळात काम करणारे देखभालकर्ते इतके वैतागले, की आयोजकांना उत्सव चालू असतानाच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पाने स्वतःहून होकार दिला आहे तिथलीच पुल रिक्वेस्ट धरली जाईल. २०२४ मध्ये एक्सप्रेस या वेब सर्व्हर लिहिण्यासाठीच्या प्रसिद्ध प्रकल्पाच्या रीडमीत स्वतःचं नाव घालू पाहणाऱ्या पुल रिक्वेस्टची अशीच लाट आली. एका शिकवणीच्या व्हिडिओत तेच प्रात्यक्षिक दाखवलं होतं. ‘आयतं हवं’ म्हणतात ते मला इथे सर्वांत स्पष्ट दिसतं. दुसऱ्याच्या वेळाची किंमत मोजली जात नाही. तुम्हाला खरंच मदत करायची असेल तर तुम्ही स्वतः वापरत असलेलं एक साधन निवडा, त्यातला एक बग स्वतःच्या यंत्रावर पुन्हा घडवून दाखवा आणि तो नीट नोंदवा. कोडची एकही ओळ न लिहिता हे योगदान होतं, आणि मुलाखतीत अभिमानाने सांगता येतं.

## ५. अर्ज थोडे, पण वाचून

जाहिरात पूर्ण वाचा. मग रेझ्युमेतल्या प्रोजेक्टचा क्रम त्या पदाप्रमाणे लावा. यात काहीही खोटं घालायचं नाही, जे आहे त्यातलं जवळचं वर आणायचं. आठवड्याला असे पाच-सहा अर्ज झाले तरी पुष्कळ. सोबत तीन-चार ओळींचा मजकूर लिहा:

*तुमच्या जाहिरातीत पैशांच्या व्यवहारांची चाचणी करण्याचं काम आहे. माझ्या प्रोजेक्टमध्ये एकच ऑर्डर दोनदा नोंदली जाण्याची अडचण मी सोडवली आणि त्यासाठी चाचण्या लिहिल्या. दुवा सोबत आहे. पुढच्या सोमवारपासून मुलाखतीसाठी मोकळी आहे.*

फ्रेशरच्या जागेसाठी तीन वर्षांचा अनुभव मागणाऱ्या जाहिराती तुम्हाला भेटतील. हा दोष तुमचा नाही, मागणाऱ्यांचा आहे. कामाचं वर्णन तुम्हाला जमण्यासारखं असेल तर अर्ज करा, मात्र अनुभवाची वर्षं वाढवून लिहू नका.

नोकरीसाठी किंवा ‘नोंदणी’, ‘प्रशिक्षण’, ‘लॅपटॉपची अनामत’ म्हणून पैसे मागितले तर तिथून ताबडतोब निघा. कामाला ठेवणारा पैसे देतो, घेत नाही.

## ६. मुलाखतीत माहीत नसलेलं कसं सांगायचं

२००७ पासून फिझबझ नावाचं एक छोटं कोडं मुलाखतींत फिरतं आहे. १ ते १०० आकडे छापा. ३ ने भाग जाणाऱ्या आकड्याच्या जागी फिझ, ५ ने जाणाऱ्याच्या जागी बझ, दोन्हींनी जाणाऱ्याच्या जागी फिझबझ. अडचण अशी, की पदवीधर, मोठ्या याद्या लिहिणारे उमेदवारही इथे अडकतात. रोज थोडा कोड हाताने, कोरी फाइल उघडून लिहा. वाचलेला कोड समजणं आणि स्वतः लिहिता येणं यांत किती अंतर आहे ते तेव्हाच कळतं.

अडलात तर गप्प बसू नका, मोठ्याने विचार करा. “हे मला माहीत नाही. पण मी असं शोधेन…” हे वाक्य ज्या उमेदवारांनी म्हटलं, त्यातल्या अनेकांना मी पुढच्या फेरीत पाठवलं आहे. अंदाजाने ठोकून देणाऱ्याला पाठवताना मन धजत नाही, कारण हाच माणूस उद्या चालू सर्व्हरवरही ठोकून देईल अशी भीती वाटते.

ऑनलाइन मुलाखतीत कानात कुणीतरी उत्तरं सांगतंय, डोळे दुसऱ्या पडद्यावर सरकत आहेत, हे समोरच्याला दिसतं. त्याने बोलून दाखवलं नाही म्हणून लक्षात आलं नाही असं समजू नका. आणि मुलाखतीला येणं जमत नसेल तर आदल्या दिवशी एक ओळ लिहून कळवा. त्या एका ओळीमुळे दार उघडं राहतं.

घरी परतल्यावर त्याच रात्री, न आलेले प्रश्न वहीत लिहा. माझ्या त्या वहीतला पहिला प्रश्न इमेज आणि कंटेनरचा आहे.

## ७. काय मागायचं आणि काय मागायचं नाही

हक्क सांगणं आणि आयतं मागणं या दोन गोष्टींची गल्लत दोन्ही बाजूंनी होते. मागायलाच हव्यात अशा गोष्टी: पगार, पद आणि कामाच्या वेळा लिहिलेलं ऑफर लेटर, वेळेवर पगार, सुट्टी, कुणाला प्रश्न विचारायचे ते नाव. घरी करायची चाचणी चार-पाच दिवसांचं फुकट काम निघाली, तर ‘मी यासाठी चार तास देऊ शकते, त्यात हा भाग पूर्ण करते’ असं नम्रपणे सांगण्यात काही गैर नाही. रात्री-अपरात्री ऑनलाइन असणं म्हणजे कष्टाळूपणा, असं कुणी सांगत असेल तर मला ते मान्य नाही. मी अशी माणसं थकून जाताना पाहिली आहेत.

पहिल्या दिवसापासून आवडीचं तंत्रज्ञान, महिन्यात नवं फीचर, वर्षात बढती, हे मात्र मागून मिळत नाही. पदवी आणि प्रमाणपत्रांनी मुलाखतीपर्यंत पोहोचता येतं. त्यापुढे तुमच्यावर काय सोपवता येईल हे समोरचा हळूहळू अजमावत असतो.

ऑफर स्वीकारून रुजू न होणं हे अलीकडे सर्रास झालं आहे. दुसरीकडे चांगलं जमलं असेल तर जा, पण कळवा. तुमच्यासाठी ती जागा धरून ठेवताना कुणाला तरी नकार गेलेला असतो.

## ८. पहिले तीन महिने

सुरुवातीला किरकोळ बग, जुन्या चाचण्या, लॉग पाहणं असलं काम मिळेल. ‘हे माझ्या पातळीचं नाही’ असं वाटेल. एक घटना सांगते. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार कंपनीत नवा कोड ८ पैकी ७ सर्व्हरवर चढवला गेला. आठव्यावर जुना, वापरातून गेलेला कोड राहिला आणि तो जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. कोड चढवल्यावर दुसऱ्या कुणी तपासावं असा लेखी नियमच नव्हता. आठ सर्व्हरची यादी घेऊन एकेकावर खूण करत जाणं हे कंटाळवाणं काम आहे. ते नीट करणाऱ्यालाच पुढे मोठं काम मिळतं, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न विचारायची रीत ठरवा. अर्धा तास स्वतः झगडा. मग विचारताना चार गोष्टी सांगा: मला काय करायचं होतं, मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. त्रुटीचा संदेश जसाच्या तसा मजकूर म्हणून पाठवा, पडद्याचा तिरपा फोटो नको. ‘चालत नाहीये’ एवढाच निरोप पाठवला की सीनियरचा वेळ तुमची अडचण शोधण्यात जातो. या चार गोष्टी लिहिताना निम्म्या वेळा उत्तर आपलंच आपल्याला सापडतं. पण अर्ध्या तासाचे दोन दिवस होऊ देऊ नका. लाजेने गप्प बसणं हेही संघाला महागात पडतं.

उशीर होणार असेल तर तो होण्याआधी सांगा. गुरुवारी दिसत असेल की शुक्रवारी होणार नाही, तर गुरुवारीच. वेळ पाळणाऱ्यांइतकाच, वेळेत कळवणाऱ्यांवर संघ भरवसा ठेवतो.

कोड रिव्ह्यूत (सहकारी तुमचा कोड तपासतात तेव्हा) २५ शेरे आले म्हणून खचू नका आणि भांडूही नका. प्रत्येकाला उत्तर द्या, पटलं नाही तर कारण विचारा.

आणि चूक झाली तर लपवू नका. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा चालवली आणि चालू डेटाबेसचा बहुतांश भाग उडाला. बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नसल्याचं तेव्हा लक्षात आलं. सहा तास आधी त्याच अभियंत्याने हाताने घेतलेली एक प्रत कामी आली. गिटलॅबने सगळं काम जगासमोर, उघड नोंदी ठेवत केलं, आणि नंतर कारणं तपशिलात प्रसिद्ध केली. दोष पद्धतीत शोधला गेला. प्रत्येक ठिकाणी असा मोठेपणा दिसेलच असं नाही, पण पहिल्या दहा मिनिटांत सांगितलेली चूक दुसऱ्या दिवशी सापडलेल्या चुकीपेक्षा नेहमीच स्वस्त पडते.

कामाची वही चालू ठेवा. दर शुक्रवारी पंधरा मिनिटं काढून पाच ओळी लिहा: या आठवड्यात काय केलं, काय बिघडलं, कुणी मदत केली, कुणाला केली, काय अजून कळलेलं नाही. वर्षाअखेरीस पगारवाढीविषयी बोलायला बसाल तेव्हा ही पानं घेऊन बसा. दुसरा रेझ्युमे लिहायची वेळ येईल, तेव्हा तोही यातूनच उतरवा आणि दहा मिनिटांची कसोटी त्याला पुन्हा लावा.